प्रस्तावना : कॉटन मार्केट म्हणजे काय काय

अमरावतीत जुना कॉटन मार्केट आहे. अकोल्यातही जुना कॉटन मार्केट आहे. नागपुरात तर 2023 पासून मेट्रोचं एक स्थानकच या नावाचं आहे, आणि त्या स्थानकाजवळच्या कॉटन मार्केटात पहाटे वांगी, मेथी, कोथिंबीर उतरते. तिथं कापूस का दिसत नाही, असं कुणी विचारत नाही. विचारलंच तर समोरचा माणूस आपल्याला परगावचा समजतो, आणि ते बरोबरच असतं. वऱ्हाड-नागपुरात वाढलेल्या माणसाला कॉटन मार्केटात कापूस असायलाच हवा असं वाटत नाही.

पुढची प्रकरणं या एका जोडनावाभोवती लिहिलेली आहेत. ते इंग्रजी आहे खरं, पण वऱ्हाडात ते इतकं मुरलेलं आहे की त्याला 'कापूस बाजार' म्हणणं हेच आता कृत्रिम वाटतं. सरकारी पाटीवर 'कृषी उत्पन्न बाजार समिती' असतं आणि बोलण्यात नुसतं 'मार्केट'. त्या मार्केटाचे अर्थ वाक्यागणिक बदलतात. 'बाप मार्केटले गेला' म्हणजे माल घेऊन आवारात गेला. 'मार्केट पडलं' म्हणजे आवार जागेवरच आहे, भाव घसरला. 'आम्ही मार्केटला राहतो' हा पत्ता झाला. आणि 'मार्केट कोणाकडं हाय?' असं चहाच्या टपरीवर कुणी विचारलं तर तो कापसाबद्दल बोलतच नसतो. बाजार समितीत सध्या कुणाच्या गटाची सत्ता आहे, हा तो प्रश्न असतो. चारही अर्थ रोजच्या वापरातले आहेत आणि बोलणाऱ्यांचा त्यात कधी गोंधळ होत नाही.

इंग्रजीत या नावाचा मुख्य अर्थ वेगळा होता. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यासाठी ते नाव आवारापेक्षा भावाचं, मागणीचं आणि तारेनं येणाऱ्या आकड्यांचं होतं. वऱ्हाडात ती कल्पना आली तेव्हा तिला कुंपण, फाटक आणि काटा लागला. हे कुंपण कुणी घातलं आणि कुणासाठी घातलं, या प्रश्नाशी मी पुन:पुन्हा येऊन थांबलो. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला पुढं भांडता येईल: ते खरेदीदाराच्या गरजेतून घातलं गेलं, आणि पिकवणाऱ्याला त्यातून जे काही मिळालं ते आनुषंगिक होतं. पुष्कळ मिळालं, हेही खरं.

रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस लादणीच्या बैलांवरून सुमारे 500 मैल दूर गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे आणि तिथून नावेनं कलकत्त्याकडं. अमरावती ही त्या व्यापाराची मोठी पेठ. खामगावचा बाजार 1820 च्या सुमारास काही थोड्या व्यापाऱ्यांनी सुरू केला, तेव्हा तिथं तूप आणि सूत यांच्या जोडीनं थोडाफार कापूस विकला जाई. पुढं 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं, 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडं वळली. जी.आय.पी. रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली. जलंबहून खामगावला जाणारा जेमतेम आठ मैलांचा फाटा 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. आठ मैलांच्या रुळांसाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या रुळांवरून काय जाणार होतं याची किंमत समजते. पाठोपाठ बडनेरा–अमरावती फाटा झाला. पुढं राली, फोलकार्ट यांच्यासारख्या परदेशी पेढ्यांचे लोक वऱ्हाडातल्या बाजारांत बसू लागले.

मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारांत वऱ्हाडच्या कापसाला 'ऊमरा' म्हणत. अमरावतीचं इंग्रजी कागदांतलं 'ऊमरावती' हे रूप व्यापाऱ्यांनी तोडून घेतलं होतं. पुढं अकोल्याचा, खामगावचा, खानदेशचाही आखूड धाग्याचा कापूस त्याच नावाखाली विकला जाऊ लागला. अकोटच्या शेतकऱ्याला आपण 'ऊमरा' पिकवतो हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. त्याच्या पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, नाव वेगळं होतं.

पऱ्हाटीच्या नावांची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी, कारण पुढचा सगळा कायदेकानूंचा पसारा तिच्यातून निघाला. वऱ्हाडात दोन देशी वाण मुख्य होते, बणी आणि जरी. बणीचा धागा लांब, मऊ, तलम. जरी आखूड आणि जाडाभरडा, पण हाती जास्त लागणारा. मँचेस्टरला बणी हवा होता. शेतकऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बणी सोडून जरी धरला. यावर त्या काळच्या अधिकाऱ्यांनी बरीच नापसंती लिहून ठेवली आहे. शेतकऱ्याचा हिशेब मात्र साधा होता. तलम धाग्यासाठी जो जास्त भाव मिळायला हवा होता तो त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. वाटेत दलाल होता, बणीत जरी मिसळणारा होता, गाठीचं वजन वाढावं म्हणून रुईवर पाणी मारणारा होता. सगळा माल शेवटी एकाच भावात जाणार असेल, तर लांब धाग्याचे लाड करायचे कशाला? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'रोझियम' नावाचा पांढऱ्या फुलांचा वाण आला आणि पसरला, तोही धाग्यासाठी नव्हे. त्याचा उतारा मोठा होता, म्हणजे त्याच कापसातून रुई जास्त निघे. जपानी गिरण्यांना आखूड धागा चालत होता. मँचेस्टरची नाराजी तोवर कुणाच्या खिजगणतीत उरली नव्हती.

भेसळीवर मुंबई इलाख्यानं 1829 पासून कायदे करून पाहिले होते. फसवणाऱ्याला शिक्षा, असा त्यांचा रोख. वऱ्हाडात वेगळी युक्ती झाली: फसवणूक झाल्यावर पकडण्याऐवजी व्यवहारच एका ठरलेल्या आवारात, उघड्यावर, नेमून दिलेल्या लोकांच्या देखत व्हावा. 1886 मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमानं कारंजा इथं असा बाजार सुरू झाला. हे कारंजा म्हणजे कारंजा लाड, आज वाशिम जिल्ह्यात, तेव्हा वऱ्हाडच्या कारभारात. भारतातला पहिला नियंत्रित शेतमाल बाजार म्हणून त्याचीच नोंद होते. मग 1897 मध्ये 'बेरार कॉटन अँड ग्रेन मार्केट्स' कायदा झाला. देशातला या प्रकारचा हा पहिला कायदा. तो मुंबईत किंवा कलकत्त्यात झाला नाही, कारण वऱ्हाड तांत्रिकदृष्ट्या ब्रिटिश मुलूख नव्हताच. निजामानं कारभारासाठी सोपवलेले ते जिल्हे होते आणि हुकूम रेसिडेंटचा चाले. विधिमंडळाची चर्चा नाही, दुरुस्त्या नाहीत. कायदा लवकर होण्यामागं हेही एक कारण असावं, असं मला वाटतं.

1897 हे साल वऱ्हाडात इतर कारणांनीही लक्षात राहिलेलं आहे. देशभर दुष्काळ होता. डिसेंबरात अमरावतीला सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि दादासाहेब खापर्डे त्याचे यजमान होते. अधिवेशनाची आठवण अमरावतीकर अभिमानानं काढतात. त्याच साली आपल्याकडं झालेल्या कायद्याची आठवण कुणी काढत नाही, आणि पुढच्या सव्वाशे वर्षांत देशातल्या खेडुतांच्या रोजच्या जगण्याशी संबंध आला तो त्या कायद्याच्या वंशजांचा.

कायद्यानं काय केलं? दलाल आणि मापारी यांना परवाना लागू लागला. वजनमापांवर देखरेख आली. फी किती, कापायची किती, हे ठरलं. त्याआधी देशातल्या कित्येक बाजारांत भाव कापडाखाली बोटं दाबून ठरत असे, म्हणजे माल ज्याचा त्यालाच आकडा कळत नसे. कडता, धर्मादाय, नमुन्यासाठी उचललेली मूठ, हमालाची मूठ, झाडणाऱ्याची मूठ, असं करत बंडीतला, म्हणजे बैलगाडीतला, कापूस हलका होत जाई. यातलं बरंच कायद्यानं आवरलं. पण बाजार चालवणाऱ्या समित्यांवर वर्चस्व व्यापाऱ्यांचंच राहिलं. ज्याचा माल विकायचा तो या रचनेत मूळचा सदस्य नव्हता. त्याला फाटकातून आत घेतलं होतं एवढंच. तरीही वऱ्हाडची पद्धत इतकी बरी वाटली की 1917 साली नेमलेल्या भारतीय कापूस समितीनं ती इतर प्रांतांसाठी सुचवली, 1927 मध्ये मुंबई इलाख्यानं आपला कापूस बाजार कायदा केला आणि 1928 च्या शेतीविषयक रॉयल कमिशननं सर्व शेतमालासाठी नियंत्रित बाजारांची शिफारस केली. आज देशात जिथं जिथं 'मंडी' किंवा बाजार समिती आहे, तिचा खापरपणजोबा कारंजात आहे.

स्वातंत्र्यानंतरची वाट मी पुढच्या प्रकरणांत सावकाश चाललो आहे. इथं धावती. महाराष्ट्राचा शेतमाल पणन कायदा 1963 चा. त्यानं समितीत शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना बहुमत दिलं. अठरा संचालकांत अकरा सेवा सोसायट्यांमधून, चार ग्रामपंचायतींमधून, दोन अडते-व्यापारी, एक हमाल-मापारी. कागदावर शेतकरी मालक झाला. पण सोसायटीतून निवडून यायचं तर सोसायट्या हातात लागतात, आणि ज्याच्या हातात सोसायट्या त्याच्या हातात बँक, त्याच्याच हातात पुढं आमदारकी. 2017 मध्ये शेतकऱ्यांना थेट मतदानाचा हक्क मिळाला, 2020 मध्ये तो परत गेला. 'मार्केट कोणाकडं हाय?' या प्रश्नाचा जन्म इथला.

सर्वांत विचित्र काळ मधला. 1972-73 च्या हंगामापासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. कापूस विकायचा तर सरकारच्या वतीनं खरेदी करणाऱ्या यंत्रणेलाच, पुढं कापूस उत्पादक पणन महासंघालाच. लोक त्याला 'फेडरेशन' म्हणत. मधल्या काही सवलती सोडल्या तर जवळजवळ तीस वर्षं अमरावती, अकोला, अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर इथल्या कॉटन मार्केटात कापसाला गिऱ्हाईक एकच होतं. हर्रास, म्हणजे लिलाव, बंद. भाव आधीच जाहीर. फाटकाबाहेर बंड्यांची रांग, रांगेत तीन-तीन दिवस मुक्काम, बैलांच्या कडब्यासकट. आत ग्रेडर. तो मूठभर कापूस उपसून बघणार आणि प्रत ठरवणार. त्याच्या बोटांवर घरातलं लग्न, कर्जाचा हप्ता आणि पोराची फी अवलंबून. मग चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे. वऱ्हाडी शेतकऱ्याच्या तोंडी या शब्दाइतकी वाट पाहायला लावणारी दुसरी गोष्ट नसेल. चुकारा निघाला का, किती निघाला, कर्जाची कपात किती झाली, दुसरा हप्ता कधी. घरात पाय ठेवलेल्या सोयऱ्यालाही आधी चुकाऱ्याबद्दल विचारलं जाई.

या योजनेबद्दल वऱ्हाडात दोन टोकांची मतं आहेत आणि दोन्ही अनुभवातून आलेली आहेत. एकाला आठवतं की ठरलेला भाव मिळत होता, पुढं फायदा झाला तर बोनस मिळत होता आणि काट्यात मारणारा व्यापारी नव्हता. दुसऱ्याला आठवतं की शेजारच्या राज्यात भाव चढलेला असताना आपला कापूस सीमेपलीकडं नेणं हा गुन्हा होता. जेव्हा इथला भाव चढा असे तेव्हा उलटी वाहतूक होई, आणि मध्य प्रदेशचा, आंध्रचा कापूस रातोरात 'महाराष्ट्राचा' होऊन फेडरेशनच्या काट्यावर चढे. 1980 च्या दशकात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची आंदोलनं कापसाच्या भावाभोवती पेटली ती याच मातीत. माझं स्वत:चं मत योजनेच्या हेतूकडं झुकतं आणि तिच्या कारभारापासून दूर जातं. तोटा साचत गेला. 2002 नंतर खासगी खरेदीला पुन्हा वाट मिळाली. त्याच वर्षी देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, म्हणजे विकायची रीत आणि पिकवायचं बियाणं ही दोन्ही एकाच हंगामाच्या आगेमागे पालटली.

आता कॉटन मार्केटात कापूस कमी आणि सोयाबीन, तूर, हरभरा जास्त अशी स्थिती कित्येक ठिकाणी आहे. कापूस संपला नाही. तो आवारातून जिनिंगमध्ये गेला. गाडी थेट जिनाच्या फाटकात लागते, तिथंच काटा, तिथंच भाव, आणि हमीभावाखाली बाजार गेला तर सीसीआयची, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाची, खरेदीसुद्धा जिनातच. बाजार समितीला सेस मिळतो. शिवाय खेडा खरेदी आहे: व्यापारी टेम्पो घेऊन दारात येतो, काटा लावतो, रोख मोजतो. भाव चार पैसे कमी, पण भाडं नाही, रांग नाही, आणि पैसे आजच्या आज. 1897 च्या कायद्यानं जो व्यवहार उघड्या आवारात आणला होता तो असा पुन्हा अंगणात परतला आहे. शेतकऱ्याची यात चूक काढणं सोपं आहे. ज्याला उद्या वेचणीची मजुरी द्यायची आहे त्याला ते ऐकायला वेळ नाही.

वेचणीवरून एक गोष्ट. कॉटन मार्केट या नावाच्या कुठल्याही अर्थात वेचणारी बाई येत नाही. सीतादहीच्या दिवशी पऱ्हाटीला दहीभाताचा नैवेद्य दाखवून वेचणी सुरू होते तेव्हा ती असते. बोंडांतला कापूस ओटीत भरताना नखांच्या कडा सोलतात तेव्हा ती असते. तिची मजुरी किलोवर ठरते आणि बहुतेक वेळा बांधावरच मोजली जाते. जिनात सरकी वेगळी होते तिथंही बायकाच कामाला असतात. मधल्या आवारात मात्र, फाटकापासून चुकाऱ्यापर्यंत, सगळा पुरुषांचा कारभार. जुन्या कागदांत तिला शोधायला मी बराच वेळ घालवला, आणि त्यातून जे हाती आलं ते एका स्वतंत्र प्रकरणापुरतंही नाही. म्हणून ती इतर प्रकरणांत विखुरलेली आहे.

भाव या अर्थाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 'मार्केट पडलं' हे वाक्य ऐकणाऱ्या शहरी वाचकाला त्यातली मेख दिसत नाही. वर्तमानपत्रात रुईचा भाव खंडीत येतो. गावात कापसाचा भाव क्विंटलात. खंडी म्हणजे 784 पौंड, सुमारे 356 किलो. कापूस म्हणजे सरकीसकट माल, रुई म्हणजे सरकी काढलेला. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई आणि 64 किलोच्या आसपास सरकी निघते, उरलेली घट. म्हणजे एक खंडी रुईला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. आता हिशेबापुरता रुईचा भाव खंडीला 55,000 रुपये धरा आणि सरकीचा किलोला 30 रुपये. 34 किलो रुईचे होतात 5,253 आणि सरकीचे 1,920. बेरीज 7,173. यातून जिनाचा खर्च, वाहतूक आणि खरेदीदाराचा नफा वजा जाता जे उरतं ते शेतकऱ्याला मिळायला हवं. उतारा 34 ऐवजी 36 निघाला तर सरकी थोडी घटूनही बेरीज सुमारे अडीचशे रुपयांनी वाढते, पण तो उतारा शेतकऱ्याच्या माघारी, जिनात ठरतो. ओलावा किती हे व्यापाऱ्याचं यंत्र सांगतं. सरकीचा भाव ढेप आणि तेल यांच्या भावाला बांधलेला, आणि ढेपेचा भाव दुधाच्या धंद्याला. घरच्या गाईसाठी ढेप विकत आणणारा शेतकरी आपल्याच सरकीचा भाव वेगळ्या दुकानात, वेगळ्या दिवशी ऐकतो. हे सगळे आकडे शेतात कधीच एकत्र आले नाहीत. मोबाइलवर आता सगळे भाव दिसतात, हे खरं. दिसणं आणि त्यावर अडून बसता येणं यांत घरातल्या साठवणुकीच्या जागेचा, कर्जाच्या तारखेचा आणि कापसाच्या गंजीला आग लागण्याच्या भीतीचा फरक असतो.

प्रकरणांच्या रचनेबद्दल. आधी बैलांची वाट आणि रेल्वे, मग कारंजा आणि 1897, मग जिन-प्रेस आणि परदेशी पेढ्या, मग फेडरेशनचा काळ, शेवटी आजचं आवार. मध्येच एक छोटं प्रकरण जुन्या कॉटन मार्केटांच्या जमिनींवर आहे, कारण शहर वाढल्यावर बाजार बाहेर गेला आणि मागं राहिलेली मोक्याची जागा हा स्वतंत्र इतिहास आहे. तो लिहिताना काही ठिकाणी मी हात आखडता घेतला, कोर्टात असलेल्या गोष्टी कोर्टात ठेवल्या. खानदेश आणि मराठवाडा यांचा उल्लेख लागेल तेवढाच केला आहे. त्यांचा कापूस वेगळा नाही, पण त्यांचा कायदा वेगळ्या वाटेनं आला.

बोलीबद्दल सांगायचं तर पऱ्हाटी, बंडी, धुरकरी, हर्रास, चुकारा, ढेप हे शब्द जसे बोलले जातात तसे ठेवले आहेत. जुन्या आकड्यांतली गाठ 392 पौंडांची, म्हणजे अर्ध्या खंडीची धरावी. आजची गाठ 170 किलोची. तक्त्यांमध्ये दोन्ही एकत्र आल्या आहेत तिथं मी किलोत बदलून घेतलं आहे, आणि जिथं मूळ कागदात गाठीचं वजनच लिहिलेलं नाही तिथं गाठींचा आकडा आहे तसा ठेवला आहे.